आत आणलेला जनरेटर

वळवानं विजेचे खांब पाडले त्याला तिसरा दिवस होता. कोरेगावच्या बँकेतून संयोगितानं दुपारी घरी फोन लावला, तेव्हा तिचा नवरा वीरधवल खुशीत होता.

"जनरेटर स्वयंपाकघरात आणून ठेवलाय. अंगणात ठेवला की कुणीतरी टाकीतलं पेट्रोल काढून न्यायचं. लिटरात दोन तास चालायला पायजे, तिथं एकच तास मिळायचा. आता थेंब जायचा न्हाई."

"आन् धूर?"

"खिडकी सताड उघडी हाय गं."

सातला ती गावात उतरली, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. सगळी आळी अंधारात होती, उजेड तेवढा तिच्याच घरात. पावसाचं पाणी आत येतंय म्हणून सासूबाईंनी खिडकी लावून घेतलेली दिसली.

आत टीव्हीवर मालिका चालू होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि वीरधवल पंख्याखाली सतरंजीवर आडवा झाला होता. दोघांच्याही गालांवर लाली आली होती. तीन दिवसांच्या उकाड्यानंतर बिचाऱ्यांना गाढ झोप लागली, असं तिला वाटलं. घरात धुराचा वास कोंडला होता आणि तिचंही डोकं जड होऊ लागलं.

"आत्या, चहा टाकू?"

सासूबाई बोलल्या नाहीत.

झोपलेल्यांसाठी पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणून तिनं जनरेटर बंद केला. घर एकदम शांत झालं. त्या शांततेत तिला एकाच माणसाचा श्वास ऐकू आला, आणि तो तिचा स्वतःचा होता.