कुठेच नसलेलं नाव

आमच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीत एक नाव मुद्दाम असं द्यायचं असतं, जे कुठेच नाही. प्रोग्राम यादीतली फोल्डरं वरून खाली धुंडाळतो आणि "सापडलं नाही" म्हणतो. म्हणाला, की चाचणी पास. यादीतली पहिली ओळ रिकामी असते. रिकामी म्हणजे "इथेच", जिथे प्रोग्राम चालतोय तिथे.

मी नाव दिलं होतं हाल्वर. माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी सरोवरात बुडाला, हाती लागलाच नाही. याहून खात्रीचं नाव माझ्याकडे नव्हतं. चाचणी रोज पास व्हायची.

काल भर दुपारी, सरोवराकाठच्या डुलूथमधल्या ऑफिसात, विंडोज आणि लिनक्सच्या मशीनवर ती पास झाली. मॅक म्हणाला, "सापडलं." ठिकाण: सरोवर/तळ.

"कुणाचा हा चावटपणा?" मी ओरडलो.

"असली थट्टा कोण करेल रे?" शेजारच्या लोर्नाने सँडविच खाली ठेवलं. "मशीनवरचं सगळं पुसून पुन्हा चालव."

पुसलं, चालवलं. आता तिन्ही मशीनवर सापडलं. ठिकाण: किनारा/रस्ता.

पुन्हा पुसलं. ठिकाण: पार्किंग/जिना.

"बस झालं," लोर्ना हळूच म्हणाली. "आता नको चालवूस."

पण तोवर बटण दाबून माझं बोट उठलंही होतं.

तिन्ही पडद्यांवर "सापडलं" आलं. ठिकाणाची ओळ रिकामी होती.