उन्हात आटणारं लाल

गच्चीवर ऑगस्टचं ऊन असं साचलं होतं, की हात बुडवला तर कोपरापर्यंत लागावं. सिसिलीतली कुठलीच गच्ची या दिवसांत रिकामी नसते. लाकडी फळ्यांवर टोमॅटोचा शिजवून गाळलेला रस पसरला होता आणि आगातीना तो तळहाताने हलवत होती. आटत आटत त्याचा गोळा होईल, मग वर तेल ओतून बरणीत जाईल. शेजारी वेताच्या खुर्चीत तिचा नवरा मेल्क्योर्रे पेंगत होता. आटणं त्याचंही चालूच होतं.

तिच्या ॲप्रनच्या खिशात कॅप्सूलची बाटली होती, भरलेली. मेल्क्योर्रेला हार्ट अटॅक आल्यावर मुलाने, रुज्जेरोने, दूर उत्तरेतल्या तोरीनोहून पाठवलेली. टोमॅटोतला लाल रंग काढून भरतात, हृदयाला चांगला, असं त्याने फोनवर समजावलं होतं. म्हाताऱ्याने एकही घेतली नाही. हे म्हणजे कोळ्याला बाटलीतून समुद्र पाठवण्यासारखं, असं त्याचं मत.

आज रुज्जेरो येणार होता. औषध संपलेलं दिसलं नाही, तर बाबांना तोरीनोला नेणार होता. तिथे त्याच्या फ्लॅटमध्ये ऊन परवानगी काढून येतं.

खाली वळणावर बसचा भोंगा वाजला. आगातीनाने बाटली काढली. एकेक कॅप्सूल फोडून फळीवर रिकामी केली, टरफलं कठड्यावरच्या, तुळशीसारख्या वासाच्या झाडाच्या कुंडीत पुरली, आणि सगळं एकजीव केलं. टोमॅटो टोमॅटोच्या घरी गेला.

रुज्जेरोने बाटली उलटी करून पाहिली आणि त्याचा चेहरा निवळला. बाबांच्या गालांवर रंग आलाय म्हणाला. मग माहिती देत राहिला, की हा रंग कलिंगडातही असतो, पण टोमॅटो शिजवून तेलाबरोबर खाल्ला की अंगी जास्त लागतो. बोलता बोलता त्याने पावाचा तुकडा फळीवरून फिरवला, तेलात बुडवून खाल्ला. मग दुसरा.

"आई, यंदा रंग काही वेगळाच आलाय."

"ऊन चांगलंय," आगातीना म्हणाली.

मेल्क्योर्रेने एक डोळा उघडला. "अगं, त्याला पुरे म्हण. माझं औषध संपवेल."

रुज्जेरो खूप दिवसांनी हसला. बाबा थट्टा करायला लागले म्हणजे गुण आला, म्हणाला, आणि परतीचं तिकीट एकट्याचंच काढलं.

ऊन सरकलं. आगातीनाने फळी सूर्याकडे वळवली. मग तेवढीच खुर्चीही.