योगेश्वरीची ओटी

फोन वाजला तेव्हा वासंती हळदीकुंकवाच्या डाळीसाठी कैरी किसत होती. हात आंबट-चिकट, म्हणून तिनं रिसीव्हर खांद्यानंच कानाशी दाबला. पलीकडून एक पुरुष तमिळमध्ये विचारत होता, "वासंती अक्का का?"

वासंतीचं शिक्षण मद्रासला झालेलं, वडील तिथे रेल्वेत होते. पण जर्मनीतल्या या वाल्डॉर्फ गावात तिच्याशी तमिळ बोलणारं एकच माणूस होतं, श्रीलंकेची दुकानवाली योगेश्वरी. हा तिचा दीर निघाला. लंडनहून बोलत होता.

"शिवनेसन अण्णा गेला," तो म्हणाला. "इथे या, इथे तोफा डागणार नाही, असं सांगून सरकारनं माणसं समुद्रकाठी गोळा केली आणि तिथेच डागल्या. आईला घेऊन दवाखान्याबाहेर बसला होता. दोघंही गेली. छावणीत पोचलेल्या एकानं कळवलं."

"योगेश्वरीला नाही सांगितलंत?"

"वहिनी तिथे एकटी. कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं, अक्का."

"सांगते," वासंती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तरुणपणी श्रीलंकेतल्या युद्धातून जीव मुठीत धरून पळालेलं ते जोडपं, शिवनेसन आणि योगेश्वरी. जर्मनीत आसरा मिळाला, मग दुकान टाकलं. गावातल्या झाडून सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या बायका कढीपत्त्यासाठी तिच्या दारात. गेल्या वर्षी शिवनेसन म्हाताऱ्या आईला आणायला म्हणून गेला, रस्ते बंद झाले आणि तो तिकडेच अडकला. जानेवारीपासून फोनही लागेना. योगेश्वरी कोथिंबीर मापता मापता विचारायची, "अक्का, तुमच्या इंडियाच्या बातम्यांत काही आलं?" वासंतीला तेव्हा खोटं बोलावं लागत नसे. खरंच काही आलेलं नसे.

मार्चमध्ये योगेश्वरीची चुलतबहीण तिकडे मारली गेली, तेव्हा तांदळाच्या पोत्यावर बसून ती म्हणाली होती, "आमच्याकडे बायका गळ्यात गळा घालून रडतात, अक्का. आई म्हणायची, एकटीनं रडायला बसू नये, मग उठता येत नाही." वासंतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि पनीर घेऊन घरी आली होती.

गेले दोन दिवस दुकान बंद होतं. वासंतीला नारळासाठी हायडेलबर्ग गाठावं लागलं, आणि त्याबद्दल ती मनातून जराशी चिडलीही होती. आता त्या चिडण्याची तिला लाज वाटली.

मदतीला लवकर आलेल्या प्रभानं सगळं ऐकून घेतलं. प्रभा म्हणजे मंडळाची अध्यक्ष, घरच्या चहालाही ठराव मांडणारी.

"आज नको सांगूस. एवढ्या बायकांसमोर काय तमाशा करायचा तिचा? सोमवारी सांग."

"आणि कुंकू? तिला कुंकू लावू मी, प्रभा?"

"मग काय तिला एकटीला वगळशील? न सांगताच कळेल तिला."

"हो, तेही खरंच."

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रभा म्हणाली आणि पन्ह्यात वेलची घालायला लागली.

योगेश्वरी सगळ्यांच्या आधी आली. जांभळी रेशमी साडी, डोळे जरा सुजलेले. तिनं दारातच वासंतीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही बऱ्या आहात ना, अक्का? काही बोलायचंय का?"

"नाही गं. ये, बस."

कुंकू लावताना वासंतीनं नजर चुकवली आणि कुंकू योगेश्वरीच्या नाकावर सांडलं. बायका हसल्या. "नाकावर पडलं! नवऱ्याचं फार प्रेम आहे हं," कुणीतरी म्हणालं. योगेश्वरीला मराठी कळत नव्हतं. तिनं वासंतीकडे पाहिलं. वासंती पन्हं आणायला आत पळाली.

डाळ संपली, भिजवलेले हरभरे वाटून झाले, बायका गेल्या. प्रभाही गेली. योगेश्वरी मात्र हलेना. स्वयंपाकघरात आली, न सांगता भांडी पुसायला लागली.

"आज कुणाचा फोन आला होता का, अक्का?"

सांगायची हीच वेळ, हे वासंतीला कळत होतं. शब्द अगदी जिभेवर आले. पण त्या ताज्या, लालभडक कुंकवाकडे नजर गेली आणि तिचं सगळं अवसान गळालं. हे आपण आताच लावलंय आणि आता आपणच पुसायचं? सोमवारी. सोमवारी नक्की.

"नाही," ती म्हणाली. "आणि फोनचं काय घेऊन बसलीस? लोक बाहेर पडतायत म्हणे तिथून. छावण्यांतून नावं कळतायत. त्यांचंही कळेल. एक दिवस तेच दुकानात येऊन उभे राहतील बघ."

बोलताना तिचा तिलाच राग आला. एवढं सफाईनं खोटं बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

योगेश्वरीनं पुसलेला पेला हळूच ओट्यावर ठेवला. तोच उचलून पुन्हा पुसला, वासंती अजून काही सांगेल म्हणून. मग पदर पुढे केला. वासंतीनं त्यात तांदूळ आणि नारळ घालून तिची ओटी भरली. दोघी दारापर्यंत गेल्या. योगेश्वरीनं ओटी एका हातानं सावरून चपला घातल्या, दार उघडलं, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली,

"परवा दिरांचा फोन आला, तेव्हा त्यांना तुमचा नंबर मीच दिला होता, अक्का."