गावची बाई

नथ सारखी ओठांवर येत होती. हात पिठाने भरलेले, त्यामुळे शिवलीलाला ती धड सावरताही येईना. चष्मा तर हॉटेलचा मालक युवराज याने सकाळीच गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. "गावच्या बाईला कुठं चष्मा असतो?" म्हणे!

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरचं हॉटेल नवंकोरं. दारात बैलगाडी, भिंतीला कंदील आणि कोपऱ्यातल्या चुलीवर भाकरी थापणारी नऊवारीतली गावची बाई, असा सगळा थाट. नवऱ्याचा चादरीचा माग बंद पडल्यापासून शिवलीला स्कूटीवरून घरोघर भाकऱ्या पोचवत होती. ही नोकरी लागली तर उन्हातली वणवण संपणार होती. आज ट्रायल. म्हणून तिने मुकाट्याने नथ घातली. गिऱ्हाइकांना "या की पावणं" असंही म्हणून झालं. लाज वाटली, पण म्हटलं.

पहिली भाकरी करपली. दुसरीही. वरून फिरवलेलं पाणी वाळत आलं की भाकरी उलटायची, पण चष्म्याशिवाय ते पाणीच तिला दिसेना. तिसरी तर उलटताना मोडली. इतक्या वर्षांत एक भाकरी वाया गेली नव्हती हो! तिला रडूच आलं.

ती उठली. नथ काढली आणि ड्रॉवरमधला चष्मा पिठाच्याच हाताने डोळ्यांवर चढवला.

"शिवलीलाताई, असं चालणार नाही हं," युवराज दबक्या आवाजात म्हणाला.

"न चालू दे की. करपलेली भाकरी मी कुणाला वाढणार न्हाय."

चौथी टम्म फुगली. ती गेली समोरच्या टेबलावर. तिथे युवराजची आई, सोजरबाई, बसली होती. उजनीकाठच्या गावाहून ती लेकाचं हॉटेल बघायला पहिल्यांदाच आली होती. तिने पापुद्रा उचलला, वास घेतला, घास खाल्ला.

"युवराज, तुजी बैलगाडी-बिलगाडी समदं नाटक हाय. ही बाई तेवढी खरी गावची."

युवराजचा चेहरा खुलला. "मग! मुद्दाम गावाकडनंच आणलीय. उद्यापासून कायमची इथंच." आणि त्याने शिवलीलाला डोळ्यांनी खुणावलं. नुसती मान हलवली असती तरी काम पक्कं होतं.

शिवलीलाची मान काही हलेना.

"न्हाय ओ आई. मी साखर पेठेतली. जन्म सगळा सोलापुरातच गेला. गाव मी एसटीच्या खिडकीतनंच बघितलंय."

युवराजने कपाळाला हात लावला. सोजरबाईने आधी ताटातली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

"उद्यापास्नं येच तू," ती म्हणाली. "पर आदी त्यो चष्मा पूस, पीठ लागलंय. आन धा भाकरी चांगल्या कडक करून बांध. गावाकडं न्यायच्यात."