सात नंबरचं पाकीट

"आधी माझं बोट," म्हणत तपासणी शिबिरातल्या आरोग्यसेविका ताईने टोपलीतलं हाताला लागेल ते सुई-पट्टीचं पाकीट फोडलं. आतली चिठ्ठी न बघताच कमरेला खोचली, बोटाला सुई टोचली आणि पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला. गाणं मात्र तुटलं नाही. एचआयव्हीची सगळी माहिती ती पदांत बांधून गायची, आणि ट्रकतळावरचे ड्रायव्हर टाळ्यांनी ठेका धरायचे.

नाव नाही, गाव नाही. पट्टीच्या मागे नंबर, तोच चिठ्ठीवर. एवढ्या बोलीवर ही माणसं तयार झाली होती.

तरी सर्वांत जुने ड्रायव्हर आबा अडून बसले. "आम्ही देवाधर्माची, बायकापोरांची माणसं. आम्हाला कसली तपासणी?"

तिचा नवराही याच लाईनीतला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. तोही अगदी हेच म्हणतो, असं ताईने हसत सांगितलं. मग म्हणाली, "देव रागावून रोग देत नाही, आबा. आणि माझा हात हलका आहे."

आबांनी डोळे मिटून बोट पुढे केलं. सगळे खो खो हसले.

बारा पट्ट्या बाहेर उभ्या तपासणीच्या गाडीत गेल्या. अर्ध्या तासाने तंत्रज्ञाने ताईला बाजूला घेतलं. सात नंबरला लागण दिसत होती. पुन्हा तपासावं लागणार होतं.

ताईला वाटलं, हा माणूस न कळता निघून गेला तर तसाच घरी जाणार. घरी बायको, बिचारी, विश्वासाने वाट बघणारी. औषध सुरू झालं तर तो धडधाकट जगेल, तीही वाचेल. आज त्याला सोडायचं नाही.

तिने निकालाची बंद पाकिटं पडद्यामागे मांडली. सात नंबरचं हातातच ठेवलं. एकेक जण आत यायचा, चिठ्ठी दाखवायचा, पाकीट घेऊन जायचा. सात नंबर आलाच नाही.

टेबल रिकामं झालं. बाहेर आबा एकटेच चहा पीत होते. ताईने हलक्या आवाजात विचारलं, कोणी निसटलं का.

आबांनी बोटांवर मोजलं. "नाही. आम्ही अकरा, अकराही जणांनी पाकिटं नेली."

"बारा होते, आबा."

"बारावं बोट तुझंच नाही का, पोरी? सगळ्यांच्या आधी टोचलेलं."