काकूंचा चाफा

बागप्रेमी मंडळ सुरू करणाऱ्या काकू गेल्या. त्यांच्या आठवणीत सभासदांनी चौकातल्या बागेत चाफा लावला, पण महिन्याभरातच त्यानं मान टाकली. अध्यक्षांनी रोप उपटून पाहिलं, तर मुळं पार कुजलेली.

"एवढं पाणी कुणी घातलं? मी तर रोज बाटलीभरच घालत होतो."

"अय्या, मीही घालायचे!" चिटणीसबाई म्हणाल्या. "म्हटलं, बाकीच्यांना कुठला वेळ!"

मग एकेकानं कबुली दिली. प्रत्येकजण येता-जाता गुपचूप पाणी घालत होता. सगळे ओशाळून हसले.

काकूंची लेकही हसली. मग म्हणाली, "आई अंथरुणाला खिळली होती ना, तेव्हा रोज विचारायची, आज मंडळातलं कुणी येतंय का गं?"

तेव्हा प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे जातच असतील.