आबांचा कायदा

"चार आदेश आहेत, ताई. प्रत्येक दहा टक्क्यांच्या आतला. करा सह्या, संपवा!"

सचिवांनी चारही कागद तिच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

ती बजेट विभागातली साधी अधिकारी. पण एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर पहिली सही तिची. आणि कायदा एकदम सरळ. दहा टक्क्यांपर्यंत सरकारने आपलं आपण वळवावं, त्याच्या वर गेलं की सभागृहाला विचारावं. इथे तर सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिसच्या नव्या मशीनचे चाळीस टक्के पैसे निघाले होते मंत्र्यांच्या विश्रामगृहाला!

"साहेब, चार तुकडे केले तरी बोकड एकच."

"भाऊ तिथेच असतो ना तुमचा? म्हणून एवढा पुळका."

असतोच. आठवड्यातून दोनदा. सहा मशीन, त्यातली चार बंद. कालच तो म्हणाला होता, "ताई, लाव पैज, मशीन माझ्याआधी जातंय."

तिने कागद परत सरकवले.

"ठीक आहे," सचिव उठले. "विचारायचंच आहे तर चाळीस कशाला? सगळेच मागतो."

तिला उलट हायसं वाटलं. मागू दे की! सभागृहात आबा होते. विरोधी पक्षाचे आबा, हा कायदा आणायला सलग आठ तास उभं राहून बोललेले. हा माणूस मंत्र्यांना सोलून काढणार, तिची खात्रीच होती.

मागणी सभागृहात आली त्या दिवशी ती वर गॅलरीत जाऊन बसली. अध्यक्षांनी तेवीस मागण्यांचे नुसते आकडे वाचले, त्यातच मशीनच्या पैशांचीही. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." सगळे म्हणाले. आबासुद्धा. झालं! तिचा चष्मा पुसून होईपर्यंत मंजूर!

ती जिने उतरत धावली. आबांना तिने दारातच गाठलं.

"आबा, दवाखान्याच्या मशीनचे सगळे पैसे गेले हो! माझा भाऊ आहे तिथे. कायदा तुमचाच ना?"

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अगदी मायेने.

"अगं पोरी, आम्हाला न विचारता वळवू नका, एवढंच तर भांडण होतं. या वेळी विचारलं की त्यांनी."